अनुभव धागा : समाजशास्त्राची पहिली पायरी, कुठे अडतं आणि कसं सुटतं

ओसरी

अकरावीला, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला किंवा स्पर्धा परीक्षेसाठी समाजशास्त्र पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांची अडचण सगळीकडे सारखीच दिसते. विषय वाचताना सोपा वाटतो. कुटुंब, लग्न, जात, गाव, शहर... यात शिकायचं काय, असं म्हणत पहिले दोन महिने जातात. ‘संयुक्त कुटुंबाची वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्नही पाठांतरावर निभावतो. पण ‘तुमचं कुटुंब संयुक्त की विभक्त, आणि कशावरून?’ असं विचारलं की पेन थांबतं.

इथे शिकवणारे, सर्वेक्षणं करणारे, पेपर तपासणारे बरेच जण आहेत. विनंती एवढीच की कॉलेजच्या आठवणी नकोत. एखादी संकल्पना घ्या. ती समजण्यासाठी नेमकं काय करून बघायचं, त्याला किती वेळ लागतो, कुठे चुकतं आणि का चुकतं, ते लिहा. लांबीची अट नाही.

चौकट

कुटुंबाचाच प्रश्न घेतो.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या पुस्तकात संयुक्त कुटुंबाची व्याख्या दिली. तिच्यात पाच गोष्टी आहेत : एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं जेवण, सामाईक मालमत्ता, सामाईक देवकार्य आणि माणसं एकमेकांशी ठरावीक नात्याने बांधलेली असणं. मुलं या पाचही अटी पाठ करतात, पण त्या सुट्या करून तपासत नाहीत. खरं काम तिथेच आहे.

मोठा कागद आडवा घ्या. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन समांतर रेघा, अपत्यासाठी खाली जाणारी उभी रेघ. भावंडं एका आडव्या रेघेला टांगायची, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ मारायची. ज्याच्या नजरेतून तक्ता काढताय त्याचं चिन्ह गडद भरा. तीन पिढ्या पुरे, पण आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही. दीड-दोन तास लागतात. माहिती निदान दोघांकडून घ्या, त्यात एक बाई असू द्या. कोण कुठल्या गावी दिली, कोणाची सोयरीक कोणाशी, हे घरातल्या बायकांना जास्त नेमकं ठाऊक असतं.

मग चार रंग घ्या. एका चुलीवर जेवणाऱ्यांभोवती हिरवी रेघ, एका छपराखालच्यांभोवती निळी, सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर ज्यांचं नाव आहे त्यांच्याभोवती तांबडी, कुलाचाराला एकत्र येणाऱ्यांभोवती काळी. चारही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसलेला तक्ता क्वचितच मिळतो. समजा, थोरला भाऊ गावी आणि धाकटा चाकणला कारखान्यात आहे. चुली दोन, छपरं दोन, सातबारा एक आणि खंडोबाची तळी एकच. हे कुटुंब संयुक्त की विभक्त? ‘राहणीने विभक्त, मालमत्तेने आणि कुलाचाराने संयुक्त’ हे उत्तर बरोबर. नुसतं ‘विभक्त’ लिहिलं तर चूक.

तांबड्या रेघेपाशी सगळ्यांत जास्त गफलत होते. मुलं आत्या आणि लग्न झालेल्या बहिणी तिच्यातून वगळतात, ‘त्या आता त्यांच्या घरी’ म्हणून. कायदा असं म्हणत नाही. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलींना जन्माने वाटा दिला, २००५ ला तो देशभर झाला. म्हणून उतारा प्रत्यक्ष पाहायचा. आत्याचं नाव असेल तर रेघ तिच्याभोवतीही जाईल. नाव नसेल तर हक्कसोडपत्र झालंय का ते विचारायचं. झालं असेल तर कधी, कोणाच्या लग्नाच्या वा आजारपणाच्या वेळी, आणि बदल्यात काय ठरलं? ‘माहेर राहावं म्हणून सही दिली’ हे उत्तर मिळालं, तर नातं, मालमत्ता आणि लिंगभाव ही तीन प्रकरणं त्या एका कागदावर एकत्र आली समजा. पाठ्यपुस्तकात ती वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

दुसरी चूक म्हणजे ‘संयुक्त कुटुंब मोडत चाललं आहे’ हे वाक्य. एका वेळी काढलेल्या चित्रावरून ते म्हणता येत नाही. वडील गेल्यावर भाऊ वेगळे होतात, पंधरा-वीस वर्षांनी त्यांची मुलं सुना आणतात आणि तेच ‘विभक्त’ घर पुन्हा संयुक्त होतं. समाजशास्त्रज्ञ अ. म. शाह यांनी कुटुंब आणि एका चुलीवरची माणसं या दोन गोष्टी वेगळ्या मोजायचा आग्रह धरला तो यासाठीच. जनगणना चूल मोजते, भावकी मोजत नाही. तिचे आकडे देऊन मालमत्तेबद्दल निष्कर्ष काढायचा नाही.

मांडवी

चौकट यांच्या तांबड्या रेघेला गोव्यापुरती पुरवणी.

इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. मुलगा-मुलगी समान वारस असतात आणि निम्मी मालमत्ता मृत्युपत्रानेही वारसांबाहेर देता येत नाही. म्हणजे तांबडी रेघ आधी जोडप्याभोवती पडते, भावांभोवती नंतर. एकच जात आणि एकच कुलदैवत असलेली दोन घरं घ्या, एक सावंतवाडीचं, एक पेडण्याचं. काळ्या रेघा सारख्या येतील, तांबड्या वेगळ्या. रीत सारखी आणि कायदा वेगळा असला की काय होतं, हे दाखवायला याहून चांगली जोडी सापडणार नाही.

तक्ता काढताना कोमुनिदादचा (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा) वार्षिक वाटा विसरू नका. तो परंपरेने गावकाराच्या, म्हणजे तिच्या मूळ सभासदाच्या, पुरुष वंशजांकडे जातो. त्याची रेघ पुन्हा वेगळीच.

तळटीप

माझा विषय फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखाइम. १८९७ चा आत्महत्येवरचा ग्रंथ पहिल्या वर्षाला सगळीकडे लावलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी उलटा शिकवला जातो.

उलटा म्हणजे असा : चार प्रकार पाठ करायचे, मग बातमीतली एखादी घटना घ्यायची आणि ‘ही कोणत्या प्रकारात बसते?’ विचारायचं. दुरखाइम एका माणसाने जीव का दिला हे सांगतच नाही. त्याचा प्रश्न असा की एका समाजगटात हे प्रमाण वर्षानुवर्षं एका पातळीवर का राहतं आणि शेजारच्या गटात वेगळ्या पातळीवर का असतं. माणसं दर वर्षी वेगळी, प्रमाण मात्र तेच. कोणा एकाच्या मनाबाहेर असलेली आणि तरीही माणसांवर दाब टाकणारी ही गोष्ट म्हणजे त्याचं ‘सामाजिक तथ्य’. हे कळल्याशिवाय प्रकारांकडे जाऊच नये.

म्हणून पहिला तास गणिताचा. प्रमाण म्हणजे वर्षातली संख्या भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. समजा एका तालुक्याची लोकसंख्या ४ लाख आणि मृत्यू ४८, दुसऱ्याची दीड लाख आणि मृत्यू २४. संख्येने पहिला पुढे, पण प्रमाण पहिल्याचं १२ आणि दुसऱ्याचं १६. हे फळ्यावर दोनदा करून घेतलं की बातम्यांतले ठळक आकडे वाचायची पद्धत बदलते.

मग दोन अक्ष काढा. आडवा एकात्मतेचा : माणूस गटाशी किती बांधलेला आहे. उभा नियमनाचा : अपेक्षांना समाज किती मर्यादा घालतो. एकात्मता फार कमी असेल तर आत्मकेंद्री, फार जास्त असेल तर परार्थवादी. नियमन फार कमी असेल तर प्रमाणकशून्य (वागण्याचे नियमच सैल पडलेले), फार जास्त असेल तर दैववादी. चौथ्याला दुरखाइमने फक्त एका तळटीपेत जागा दिली आहे, त्याच्यावर अर्धं पान खर्च करू नका. आणि एक गोष्ट अधोरेखित करा : त्याच्या आकडेवारीत आर्थिक कोसळण्याबरोबर अचानक आलेल्या भरभराटीतही प्रमाण वाढतं. प्रमाणकशून्यता म्हणजे गरिबी, असं लिहिणाऱ्याला ही ओळ अडवते.

महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांचं उदाहरण दिलं जातं, आणि द्यायलाच हवं. पण ‘शेतकरी = प्रमाणकशून्य’ असा शिक्का मारण्याआधी आकडा कुठला ते बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग २०१४ च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे देतो, त्यामुळे आधीच्या वर्षांशी थेट तुलना होत नाही. महसूल खात्याची ‘पात्र-अपात्र’ यादी मदतीसाठी असते, तिचे निकष वेगळे. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर जमीन नसली तर ती शेतकरी म्हणून नोंदली जाण्याची शक्यताच कमी, तिचा मृत्यू ‘गृहिणी’ या रकान्यात जातो. भाजकही ठरवावा लागतो : एकूण लोकसंख्या, की जनगणनेतले शेती कसणारे? दुरखाइमवरचा सगळ्यांत जुना आक्षेप सरकारी नोंदी कशा तयार होतात यावरच आहे. तो समजावायला फ्रान्सला जायची गरज नाही.

हा विषय वर्गात घेताना आणखी एक पथ्य. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरात हे घडलेलं असू शकतं. घटना, नाव, गाव, पद्धत यांची चर्चा करू नये. प्रमाणावर बोलावं.

पायवाट

तळटीप यांच्या पहिल्या मुद्द्याला जोडून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स. १९५९ च्या पुस्तकातलं त्याचं उदाहरण आकड्यांसह लिहिलं तर उत्तर नेमकं होतं : एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचं कौशल्य, त्याचा स्वभाव बघा. पण ५ कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर उत्तर एकेका माणसात सापडणार नाही.

सरावासाठी घरातल्या तीन तक्रारी लिहायला सांगा, ‘मुलाचं लग्न जमत नाही’, ‘शेतीला मजूर मिळत नाही’, ‘पोरगी नोकरी सोडून बसली’ अशा. प्रत्येकीखाली दोन ओळी : ही अडचण आणखी किती जणांची आहे हे मला कुठल्या आकड्यातून कळेल? आणि तो आकडा बदलायला कोणती संस्था बदलावी लागेल? पहिल्या तक्रारीपाशी २०११ च्या जनगणनेतलं महाराष्ट्राचं बाललिंग गुणोत्तर ठेवा, हजार मुलांमागे ८९४ मुली. त्यातली सहा वर्षांची मुलं आज विशीत आहेत.

कृष्णाकाठ

जातीवर सविस्तर लिहिते, कारण याच प्रकरणात सर्वांत जास्त शब्द आणि सर्वांत कमी युक्तिवाद वाचायला मिळतो.

सुरुवात समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांपासून करू नका, डॉ. आंबेडकरांच्या जातीवरच्या १९१६ च्या निबंधापासून करा. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात तो वाचला गेला आणि पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. लेखक पंचवीस वर्षांचे होते. निबंध लहान आहे, मराठीत उपलब्ध आहे आणि समाजशास्त्रीय युक्तिवाद कसा बांधतात याचा तो उत्तम नमुना आहे. तीन बैठकांत वाचा.

पहिल्या बैठकीत आधीच्या व्याख्यांची छाननी : सेनार, नेसफिल्ड, रिझले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर. केतकरांनी दोन लक्षणं सांगितली होती, जन्माने सदस्यत्व आणि बाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर दाखवतात की ही दोन नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्नच होत नसेल तर सदस्य जन्मानेच येणार. व्याख्या कशी तपासायची, याचा हा धडा.

दुसऱ्या बैठकीत यंत्रणा. कागदावर बाण काढत वाचा. इथल्या समाजाचा मूळ कल बहिर्विवाहाकडे, म्हणजे स्वतःच्या गोत्रात लग्न न करण्याकडे. त्यावर अंतर्विवाह (गटाच्या आतच लग्न) लादला की जात तयार होते. पण बंद गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष समसमान राहिले पाहिजेत. नवरा आधी गेला तर विधवा ‘जादा’ ठरते, ती गटाबाहेर लग्न करील ही भीती. त्यावर सती किंवा सक्तीचं वैधव्य. बायको आधी गेली तर विधुर ‘जादा’. त्याला जाळता येत नाही, कारण पुरुष म्हणून त्याचं वजन आहे. मग त्याच्यावर ब्रह्मचर्य लादायचं, नाहीतर अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलीतून त्याला बायको द्यायची. इथून बालविवाह. प्रत्येक बाणापाशी ‘हे नसतं तर?’ विचारा. मुलांची नेहमीची चूक म्हणजे हा भाग ‘सतीप्रथेची कारणे’ म्हणून लिहिणं. दिशा उलटी आहे. प्रथा अंतर्विवाह टिकवायला आल्या आणि त्यांचे गोडवे गाणारं तत्त्वज्ञान मागाहून आलं.

तिसऱ्या बैठकीत प्रसार. वरच्या गटाने दार लावून घेतलं, काहींनी अनुकरण केलं, काहींना दार आपल्यासमोर बंद झालेलं दिसलं. श्रीनिवासांचं संस्कृतीकरण (खालच्या जातीने वरच्या जातीच्या चालीरीती उचलणं) १९५२ चं, अनुकरणाचा हा विचार त्याच्या छत्तीस वर्षं आधीचा. हे दोन्ही एका उत्तरात शेजारी ठेवणारा विद्यार्थी वेगळा उठून दिसतो.

त्यानंतर घुर्ये. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झालेला. १९२४ पासून तो मालवणच्या घुर्ये यांनी सांभाळला. १९३२ च्या पुस्तकात त्यांनी जातीची सहा लक्षणं दिली : समाजाचे खंड, उतरंड, खाण्यापिण्याचे निर्बंध, नागरी व धार्मिक हक्क-वंचना, व्यवसायाचे बंधन, विवाहाचे बंधन. आता घुर्येंची सहा लक्षणं की आंबेडकरांचं एकच, अंतर्विवाह, हा वाद पुस्तकात सोडवू नका. पुढचा सराव करा.

एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या वधू-वर जाहिराती घ्या, सलग १०० मोजून, निवडून नाही. रकाने असे : वधू हवी की वर, स्वतःची जात दिली आहे का, पोटजात, गोत्र, देवक वा कुळी, समोरच्या जातीबद्दलची अट, शिक्षण-नोकरी, जमीन वा फ्लॅट, रंग-उंची. अटीच्या रकान्यात पाच पर्याय : स्वजात, स्वजातीतली कुठलीही पोटजात, अट नाही, सशर्त, उल्लेख नाही. नियम आधी लिहून ठेवा. जाहिरात ‘मराठा’ अशा मथळ्याखाली असेल तर आत जात लिहिली नसली तरी ‘दिली आहे’ धरायचं. ‘आंतरजातीय चालेल, एससी-एसटी क्षमस्व’ ही जाहिरात ‘अट नाही’त टाकायची नाही, ती ‘सशर्त’. हा एक नियम आधी ठरला नाही तर सगळा निष्कर्ष बदलतो. अंतर्विवाहाची सीमा कुठे हलली आणि कुठे जागची हलली नाही, हे नेमकं त्या दोन शब्दांत आहे.

देवकाचा रकाना बघाच. देवक वेगळं हवं आणि जात तीच हवी, ही एका जाहिरातीतली जोडी म्हणजे अंतर्विवाहावर बहिर्विवाह कसा बसतो त्याचं उदाहरण. तक्ता झाला की घुर्येंच्या सहा लक्षणांपैकी कशाचा मागमूस जाहिरातीत आहे ते मोजा. व्यवसायाच्या रकान्यात बँक, आयटी, एमआयडीसी असेल, परंपरागत धंदा जवळजवळ नसेल. विवाहाचं बंधन मात्र रकाना भरून दिसेल.

मर्यादाही लिहायची : जाहिरात ही अपेक्षा आहे, झालेलं लग्न नाही. आणि जाहिरात देणारे म्हणजे सगळे लग्न करणारे नव्हेत.

ओसरी

कृष्णाकाठताई, दोघांनी मिळून नोंदी केल्या आणि जुळल्या नाहीत तर?

कृष्णाकाठ

दोघांनी त्याच १०० पैकी २० जाहिराती एकमेकांचं न बघता भराव्यात. मग रकान्यागणिक किती ठिकाणी एकमत आहे ते मोजावं. उंचीच्या रकान्यात २० पैकी २० येतात. अटीच्या रकान्यात १३-१४ वर अडलात, तर दोष नियमात आहे, माणसांत नाही. न जुळलेल्या जाहिराती समोर ठेवून नियमाची भाषा बदला आणि नव्या २० वर पुन्हा तपासा. १८ च्या वर गेल्याशिवाय उरलेल्या जाहिरातींना हात लावू नका. मतभेद ‘चर्चेने मिटवला’ असं लिहून सोडून देऊ नका, जुना नियम आणि नवा नियम दोन्ही परिशिष्टात द्या.

जिरायत

सर्वेक्षणाबद्दल. प्रकल्पासाठी मुलं तीस प्रश्नांची प्रश्नावली करतात आणि ओळखीच्या पन्नास जणांकडून भरून आणतात. त्यातून ओळखीच्या पन्नास जणांपलीकडे काही कळत नाही.

गावात करत असाल तर मतदारयादी घ्या. समजा १,२४० नावं आहेत आणि ६२ जणांना भेटायचंय. १,२४० भागिले ६२ म्हणजे २०. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचला. ७ आला तर ७ वं, २७ वं, ४७ वं नाव. घर बंद असेल तर शेजारचं घर घ्यायचं नाही, दोनदा परत जायचं, तरीही नसेल तर ‘भेट नाही’ अशी नोंद. बदली नाव घेतलं की दिवसा घरी असणारेच नमुन्यात भरतात.

यादीला स्वतःची छिद्रं आहेत. अठराच्या खालचे नाहीत, नव्याने आलेले नाहीत. बीड, अहिल्यानगरकडच्या गावांत दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांची नावं असतात पण माणसं नसतात. जानेवारीत सर्वेक्षण केलं तर सर्वांत गरीब घरं आपोआप गळतात आणि गाव आहे त्याहून सुखवस्तू दिसतं. उन्हाळ्यात जा, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर.

प्रश्नांची भाषा हा वेगळा अभ्यास आहे. ‘तुमचं मासिक उत्पन्न किती?’ याला शेतकरी घरात उत्तरच नसतं, कारण पैसा महिन्याने येत नाही. जमीन किती, त्यातली बागायत किती, जनावरं किती, छत पत्र्याचं की स्लॅबचं, गेल्या वर्षी सिलिंडर किती भरले, हे विचारा. ‘शिक्षण आणि आरोग्याच्या सोयींबद्दल समाधानी आहात का?’ हे दोन प्रश्न आहेत, तोडा. ‘तुम्ही जातिभेद पाळता का?’ याला ‘नाही’ हेच उत्तर येणार, तो प्रश्न वाया गेला. भारतीय मानवविकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत हा प्रश्न दोन पायऱ्यांत होता : आधी घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढे, अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तुमची भांडी वापरली तर चालेल का? मताऐवजी वागणूक विचारायची, ही रीत पहिल्या वर्षीच अंगवळणी पडली पाहिजे. ‘गेल्या लग्नात पंगत कशी बसली होती?’, ‘पाणी द्यायला ग्लास वेगळा असतो का?’ असे प्रश्न करा.

छापण्याआधी पाच-सहा घरांत तोंडी करून बघा. ज्या प्रश्नावर समोरचा ‘म्हणजे?’ म्हणतो तो नव्याने लिहा.

गिरणगाव

शहराच्या प्रकरणात दोनच गोष्टी सांगायच्यात.

पहिली : जनगणनेत गाव शहर कधी होतं? नगरपालिका, महापालिका, कटकमंडळ असेल तर ते कायद्यानेच शहर. नसेल तर तीन अटी एकत्र : लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेतीत, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. बाईचं काम या मोजणीत धरलेलंच नाही. हे वाचून दाखवलं की वर्गात प्रश्न आपोआप येतात. २०११ ला महाराष्ट्र ४५.२ टक्के नागरी होता, पण त्या टक्क्यात ग्रामपंचायतीच्या कारभाराखालचीही वस्ती आहे.

दुसरी : अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लुई वर्थ यांनी १९३८ ला शहराची तीन लक्षणं सांगितली, आकार, घनता, विविधता, आणि त्यातून जवळची नाती विरळ होतात असं म्हटलं. हे पाठ झालं की परळ-लालबाग त्यावर तपासा. गिरण्यांच्या काळात घनता प्रचंड होती. तरी सातारा-कोकणातल्या एकेका गावाच्या मंडळाने खोली घेतलेली असायची. पाळी बदलली की त्याच जागेवर दुसरे लोक झोपायचे. जेवण खानावळीतल्या बाईकडे आणि भजन-गणपती गावाच्या नावाने. नोकरीही गाववाल्याच्या ओळखीने लागायची. म्हणजे शहराने प्राथमिक गट (जवळच्या नात्यांचा गट) मोडला नाही, त्याच्यावरच गिरणी चालली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपात इतकी माणसं इतका काळ कशी तगली, याचं एक उत्तर गावाकडे परत जाता येण्यात आहे. वर्थ चुकीचा नाही, पण तो शिकागोवरून बोलत होता. उत्तरपत्रिकेत हे वाक्य पुराव्यासह आलं तर गुण द्यावेच लागतात.

तळटीप

पेपर तपासण्याच्या अंगाने थोडक्यात. ‘मनुष्य हा समाजशील प्राणी आहे’ ही सुरुवात टाळा, गठ्ठ्यातल्या बहुतेक उत्तरांची तीच असते. संकल्पना कोणाची, साल कोणतं, कशाच्या अभ्यासातून आली, हे पहिल्या तीन ओळींत द्या. संस्कृतीकरण लिहिताना ‘सुधारणा’ हा शब्द वापरू नका. श्रीनिवास कूर्गच्या अभ्यासातून सांगतात की गट उतरंडीत वरची जागा मागतो, उतरंड तशीच राहते. प्रभुत्वशाली (गावात वरचढ असलेल्या) जातीला संख्या, जमीन, राजकीय वजन यांपैकी एकच खूण पुरत नाही, हेही लिहा. आणि उदाहरण शेवटी चिकटवू नका, व्याख्येतल्या प्रत्येक अटीला ते लावून दाखवा.

पायवाट

ओसरी यांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) निरीक्षणाबद्दल विचारलं होतं, उत्तर इथेच देतो.

दर्जा (समाजातलं स्थान) आणि भूमिका (त्या स्थानाकडून अपेक्षित वागणूक) या मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटनच्या (१९३६) संकल्पना शिकायला ग्रामसभेसारखी जागा नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत २०११ पासून स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. निवडून आलेली सरपंच हा अर्जित (जन्माने नव्हे, मिळवलेला) दर्जा, त्या दर्जाची भूमिका प्रत्यक्ष कोण बजावतं हा प्रश्न.

आधी सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटून कशासाठी येताय ते सांगा. सभेच्या अर्धा तास आधी पोचा. बसायच्या जागेचा नकाशा काढा : टेबल, खुर्च्या, सतरंजी, दार, माइक. दर दहा मिनिटांनी स्त्री-पुरुष मोजा, कुठे बसलेत तेही. प्रत्येक बोलण्याला क्रमांक द्या : कोण बोललं, विषय काय, कोणाला उद्देशून, उत्तर कोणी दिलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे ‘दिसलं-ऐकलं’, उजवीकडे ‘मला वाटलं’. ‘महिला दबलेल्या होत्या’ हे डावीकडे आलं की खोडायचं. त्याऐवजी समजा असं : ‘१८ बाया, मागच्या भिंतीलगत सतरंजीवर. पुढच्या १२ खुर्च्यांवर पुरुष. सरपंचबाईंना ७ प्रश्न. २ ची उत्तरं त्यांनी दिली, ३ ची ग्रामसेवकाने, २ ची त्यांच्या पतीने, जे पदाधिकारी नाहीत.’ एवढ्यावर वाचणारा स्वतः निष्कर्ष काढू शकतो, आणि तुमचा निष्कर्ष तपासूही शकतो. ज्या दोन प्रश्नांना त्यांनी स्वतः उत्तर दिलं ते कशाबद्दल होते हे बघा. पाणी, अंगणवाडी, रेशन याबद्दल असतील आणि रस्त्याच्या निविदेबद्दल नसतील, तर ‘पती कारभार करतो’ या सरधोपट वाक्यापेक्षा बरंच जास्त हाती लागलं.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तीही बघा, त्याच नोंदपद्धतीने. तिथे कोण बोललं आणि त्यातलं मोठ्या सभेत काय पोचलं, याची तुलना करा. फक्त इतिवृत्तावर विसंबू नका, दोन्ही ठिकाणी स्वतः बसा.

सभा एका तासाची असेल तर नीट लिहून काढायला दोन-तीन तास धरा, आणि ते त्याच रात्री. झोप झाली की संवाद जातात, मतं तेवढी उरतात. गावाचं आणि माणसांचं नाव बदला, खऱ्या नावांची यादी वेगळ्या वहीत. फोटो काढून प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. श्रीनिवासांनी रामपुरा या कर्नाटकातल्या गावावरच्या टिपणांवर अठरा वर्षं काम केलं होतं. १९७० साली स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासिकेला आग लावली गेली तेव्हा त्या तयार टिपणांच्या तिन्ही प्रती तिथेच होत्या.